भायखळ्याचं चर्च म्हणजे नेमकं कोणतं? मुंबईतली ख्रिस्ती उपासनास्थळं ओळखताना

माझं लग्न ठरलं तेव्हा वसईच्या फादरांनी सगळ्यात आधी मागितला तो बाप्तिस्म्याचा दाखला. मी नगरकडची, आमचं घराणं तीन पिढ्यांचं प्रॉटेस्टंट. होणारा नवरा वसईचा कॅथलिक. माझा जन्म मात्र मुंबईतला. वडील गिरणीत होते आणि १९८२ च्या संपानंतर आम्ही गावी परतलो. आईला फोन केला तर ती म्हणाली, "भायखळ्याच्या चर्चात झाला गं तुझा बाप्तिस्मा. मोठं दगडी चर्च आहे, फोटो आहे बघ आपल्याकडे."

भायखळ्याला उतरल्यावर कळलं की तिथे ग्लोरिया चर्च आहे, ख्राइस्ट चर्च आहे आणि ह्यूम मेमोरियल चर्चही आहे. पहिलं कॅथलिक, दुसरं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं, तिसरं अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट मिशनच्या परंपरेतलं. बाहेरच्या माणसाला ही तिन्ही नुसती 'चर्च'. मी ख्रिस्ती घरात वाढलेली, तरी पहिल्या दिवशी चुकीच्या दाराशी तासभर बसून आले. दाखला मिळायला तीन खेपा लागल्या. शेवटी उलगडा झाला तो असा: माझा बाप्तिस्मा चर्चमध्ये झालाच नव्हता. मराठी मंडळी तेव्हा एका मिशन शाळेच्या हॉलमध्ये जमायची, तिथे झाला होता. दगडी चर्चसमोर फक्त फोटो काढला होता.

त्यानंतर आमच्या नात्यात आणि मंडळीत कोणालाही दाखला शोधायचा असला, मुंबईत नव्याने आल्यावर कुठे उपासनेला जायचं हे ठरवायचं असलं, किंवा मित्राच्या लग्नाच्या पत्रिकेवरचं ठिकाण समजून घ्यायचं असलं, की फोन मला येतो. दर वेळी तेच सांगते, म्हणून इथे क्रमाने लिहिते. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, एक गोष्ट आधी मनात पक्की करा. कॅथेड्रल, बॅसिलिका, पॅरिश चर्च, श्राइन, चॅपल ही नावं इमारतीच्या आकाराची नाहीत. तिथे कोणाचा अधिकार चालतो, कोणती नोंद ठेवली जाते आणि कोणासाठी ती जागा उघडी आहे, यावरून ती पडली आहेत.

१. मनोऱ्याकडे नको, फलकाकडे बघा

दगडी भिंती, उंच मनोरा आणि रंगीत काचा दिसल्या की आपण 'कॅथेड्रल' म्हणून मोकळे होतो. कुलाब्याच्या नेव्हीनगरजवळचं अफगाण चर्च बघा. त्याचा निमुळता मनोरा दुरूनही नजरेत भरतो. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधलं आणि १८५८ मध्ये त्याचं समर्पण झालं. खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. इतकं भव्य असूनही ते कॅथेड्रल नाही. उलट जगात कित्येक कॅथेड्रलं साधी, बुटकी, पत्र्याच्या छपराचीही आहेत.

म्हणून फाटकापाशी थांबा आणि फलक पूर्ण वाचा. संताच्या नावाखालची बारीक अक्षरं महत्त्वाची. 'आर्चडायोसिस ऑफ बॉम्बे' लिहिलं असेल तर रोमन कॅथलिक. 'सीएनआय' किंवा 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' असेल तर १९७० साली अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन झालेली मंडळी. 'मेथडिस्ट', 'मार थोमा', 'ऑर्थोडॉक्स', 'असेंब्ली' हे शब्दही तिथेच सापडतात. फलकाचा फोटो काढून ठेवा. मला हा फोटो पुढे फार उपयोगी पडला, कारण फोनवर "कोणतं चर्च?" असं विचारलं की नाव जसंच्या तसं सांगता येतं.

इथला मोठा सापळा म्हणजे संतांची नावं. 'सेंट' आहे म्हणजे कॅथलिक, असं नाही. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज जेझुइट धर्मगुरूंनी १५७५ मध्ये सुरू केलेलं कॅथलिक चर्च. फोर्टात लायन गेटजवळचं सेंट अँड्र्यूज १८१९ मध्ये स्कॉटिश लोकांनी बांधलेलं. त्यांच्या पंथात बिशप, म्हणजे अनेक चर्चांवरचा प्रमुख धर्मगुरू, नसतोच. हे दुसरं आता सीएनआयमध्ये आहे. फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल सीएनआयचं, तर कल्याणचं सेंट थॉमस कॅथेड्रल सिरो-मलबार, म्हणजे केरळी परंपरेच्या कॅथलिकांचं. पत्रिकेवर नुसतं 'सेंट थॉमस कॅथेड्रल' वाचून निघालात तर पाहुणा चर्चगेटला आणि वरात कल्याणला, अशी गत होईल. पत्ता वाचल्याशिवाय लोकल पकडू नका.

२. आत जाऊन पंथ ओळखा

फलक नसेल किंवा कळला नाही तर आत बघा. उपासना चालू नसताना शांतपणे आत जायला सहसा कोणी अडवत नाही.

कॅथलिक चर्चमध्ये वेदीजवळ किंवा बाजूला एक छोटी बंद पेटी असते आणि तिच्याजवळ सतत तेवणारा दिवा, बहुधा लाल काचेचा. पवित्र ख्रिस्तप्रसाद तिथे ठेवलेला असतो. भिंतींवर क्रूसाच्या वाटेची १४ स्थानकं दिसतात. मारियामातेचे आणि संतांचे पुतळे असतात. कोपऱ्यात पापनिवेदनाची लाकडी खोली असते. क्रूसावर येशूची आकृतीही असते.

प्रॉटेस्टंट मंदिरात क्रूस सहसा रिकामा. पुतळे नाहीत. अँग्लिकन परंपरेच्या जुन्या चर्चांत वेदी आणि रंगीत काचा असतात, त्यामुळे घोटाळा होऊ शकतो, पण त्या लाल दिव्यावरून आणि १४ स्थानकांवरून बहुतेक वेळा उलगडा होतो. स्कॉटिश किंवा अमेरिकन मिशनच्या परंपरेत लक्ष वेधून घेतं ते व्यासपीठ, कारण तिथे वचन आणि प्रवचन यांना पहिलं स्थान. आमच्याकडे फळ्यावर त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक लावलेले असतात. लहानपणी मी आत शिरले की आधी ते क्रमांक बघायचे.

सिरियन परंपरेच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गर्भगृहासमोर पडदा असतो. लोक चपला बाहेर काढून आत येतात. पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला उभ्या राहतात. दादरला सेंट मेरीज ऑर्थोडॉक्स कॅथेड्रल आहे, तिथे मल्याळम कानावर पडेल.

शब्दही पंथ सांगतात. समोरचा माणूस 'मिस्सा' (कॅथलिक उपासना), 'फादर', 'स्नानसंस्कार', 'धर्मग्राम' म्हणाला तर तो कॅथलिक. 'उपासना', 'पाळकसाहेब', 'बाप्तिस्मा', 'प्रभुभोजन', 'मंडळी' म्हणाला तर प्रॉटेस्टंट. वसईत सासरी गेल्यावर मी 'पाळकसाहेब' म्हटलं की सगळे थबकायचे. आता दोन्ही भाषा तोंडी बसल्या आहेत.

३. कॅथेड्रल: बिशपांची खुर्ची कुठे आहे?

हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थच मुळी 'आसन'. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपांच्या अधिकाराखालचा प्रदेश; त्या बिशपांचं आसन ज्या चर्चमध्ये आहे ते कॅथेड्रल. आत वेदीच्या मागे किंवा बाजूला उंच पाठीची, अनेकदा बिशपांच्या चिन्हाची खुर्ची दिसेल. ती बिशपांसाठीच राखलेली असते.

खुर्ची आली की चर्च कॅथेड्रल होतं, भिंती मात्र त्याच राहतात. फोर्टातल्या सेंट थॉमसची पायाभरणी १६७६ मध्ये गव्हर्नर जेराल्ड ऑंजिएच्या काळात झाली, काम रखडलं, आणि १७१८ च्या नाताळात ते उपासनेसाठी उघडलं. किल्ल्याच्या तटबंदीतला त्याच्याकडे जाणारा दरवाजा तो चर्चगेट. आज स्टेशनाला ते नाव आहे, दरवाजा कधीच गेला. पण ही वास्तू कॅथेड्रल झाली ती १८३७ मध्ये, मुंबईला अँग्लिकन बिशप मिळाल्यावर. म्हणजे तब्बल ११९ वर्षं ते निव्वळ चर्च होतं.

मुंबईच्या कॅथलिक आर्चबिशपांचं आसन कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये आहे. ही इमारत १९०५ ची. त्याआधी आर्चबिशपांचं कॅथेड्रल भुलेश्वर भागात होतं. होली नेममध्ये कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यांची लाल टोपी जपून ठेवली आहे. ते १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल झाले.

आता मुंबईकरांची खरी गोंधळाची जागा. एकाच महानगरात कॅथलिकांचीच एकाहून अधिक कॅथेड्रलं आहेत. वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला आणि त्याचं कॅथेड्रल पापडीला आहे. कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत १९८८ मधला. तो लॅटिन, म्हणजे रोमच्या पद्धतीच्या मुंबई धर्मप्रांताच्याच भूभागात, पण केरळी परंपरेच्या कॅथलिकांसाठी. म्हणून "माझे बिशप कोण?" याचं उत्तर तुमच्या पत्त्यावर आणि तुमच्या परंपरेवर, अशा दोन्ही गोष्टींवर अवलंबून असतं. आमच्या मिश्र लग्नासाठी परवानगी लागली ती वसईच्या बिशपांची. नवऱ्याचं घर तिकडचं, म्हणून. मी मात्र आधी कुलाब्याला फोन लावत बसले होते.

४. बॅसिलिका: पोपनी दिलेला मान

बॅसिलिका ही मूळची रोमन सार्वजनिक सभागृहाची इमारत, जिथे न्यायनिवाडे आणि व्यवहार चालायचे. त्या घडणीवर सुरुवातीची मोठी चर्चं बांधली गेली, म्हणून शब्द चिकटला. आज कॅथलिक व्यवहारात बॅसिलिका हा पोपनी बहाल केलेला दर्जा आहे. मोठ्या, म्हणजे 'मेजर', बॅसिलिका जगात फक्त ४ आणि चारही रोमच्या. बाकी सगळ्या 'मायनर'. मायनर म्हणजे कमी दर्जाची असं समजू नका, तो एक मोठा सन्मान आहे.

वांद्र्याची मोतमाउली घ्या. हिला माउंट मेरी म्हणतात, पण कोळी बांधवांच्या आणि जुन्या मुंबईकरांच्या तोंडी मोतमाउलीच. सध्याची इमारत १९०४ ची, वास्तुरचनाकार पारशी, शापूरजी चांदाभॉय. १९५४ मध्ये पोप पायस बारावे यांनी तिला मायनर बॅसिलिकेचा दर्जा दिला. ८ सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मोत्सव, आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याची जत्रा. मेणाचे हात, पाय, घरं, बाळं घेऊन लोक चढण चढतात. त्यात ख्रिस्ती किती आणि इतर किती, हे कोणी मोजत नाही, मोजावंसंही वाटू नये.

बॅसिलिकेत जपायच्या खुणा ठरलेल्या असतात: लाल-पिवळ्या पट्ट्यांची अर्धवट उघडी रेशमी छत्री, दांड्यावर टांगलेली छोटी घंटा, आणि पोपच्या एकमेकांवर ठेवलेल्या दोन किल्ल्यांचं चिन्ह. एखाद्या ठिकाणी गेलात तर शोधून बघा. मुलांना हा खेळ फार आवडतो.

सापळा असा की बॅसिलिका म्हणजे कॅथेड्रलपेक्षा 'वरची' असं लोक धरतात. तशी उतरंड नाही. जुन्या गोव्यात समोरासमोर बघायला मिळतं: से हे कॅथेड्रल, बॉम जीझस ही १९४६ पासून बॅसिलिका. एकीकडे आर्चबिशपांचं आसन, दुसरीकडे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष. रोममध्येही पोपचं स्वतःचं कॅथेड्रल सेंट पीटर्स नाही, लॅटरनची सेंट जॉन बॅसिलिका आहे. हे ऐकून माझे सासरे, जन्मभर कॅथलिक, पंधरा मिनिटं वाद घालत होते. मग त्यांनी फादरांना फोन केला.

५. पॅरिश चर्च, म्हणजे धर्मग्रामाचं चर्च: तुमची नोंद इथे

वरच्या दोन नावांना तोरा असला तरी माणसाच्या आयुष्याला खरं लागणारं चर्च हेच. कॅथलिक धर्मप्रांत धर्मग्रामांत वाटलेला असतो. प्रत्येक धर्मग्रामाची हद्द ठरलेली. तुम्ही कोणत्या गल्लीत राहता यावर तुमचं धर्मग्राम ठरतं, तुम्हाला कुठे मिस्सा आवडते यावर नाही. बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांची रजिस्टरं ठेवणं हे धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंचं काम. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार), लग्न यांचीही टिपणं लिहिली जातात. म्हणूनच लग्नासाठी कॅथलिकांना 'ताजा' दाखला लागतो, बहुधा गेल्या ६ महिन्यांतला. ट्रंकेतला जुना लॅमिनेट केलेला कागद चालत नाही, कारण त्यावर मधल्या काळातली टिपणं नसतात.

दादरचं 'पोर्तुगीज चर्च' हे धर्मग्रामाचं चर्च आहे. खरं नाव अवर लेडी ऑफ साल्व्हेशन. सुरुवात १५९६ ची, आजची इमारत १९७० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी घडवलेली. टॅक्सीवाल्याला खरं नाव सांगितलं तर तो विचारात पडेल आणि चर्चच्या ऑफिसात नुसतं 'पोर्तुगीज चर्च' लिहून अर्ज दिला तर क्लार्क. दोन्ही नावं वहीत लिहून ठेवा. माहीमचं सेंट मायकल्सही असंच: बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेमुळे 'माहीम चर्च' म्हणून सगळ्या धर्मांच्या लोकांना ठाऊक.

जुनी नोंद शोधणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. मुंबईत दीर्घकाळ कॅथलिकांवर दोन अधिकार चालत होते: काही चर्चं पाद्रोआदोखाली, म्हणजे पोर्तुगालच्या राजाला मिळालेल्या अधिकाराखाली, काही प्रोपागांडाखाली, म्हणजे रोमच्या धर्मप्रसार खात्याखाली. एकाच वस्तीत शेजारीशेजारी दोन कॅथलिक धर्मग्रामं असायची. १९२८ च्या करारानंतर हे दुहेरी राज्य संपलं. तेव्हा पणजोबांचं घर एका चर्चला खेटून होतं म्हणजे नोंद तिथेच असेल, असं नाही. शेजारच्या चर्चमध्येही विचारा.

चर्चं स्थलांतरितही होतात. अंधेरीच्या सीप्झच्या आवारात सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष आहेत. सोळाव्या शतकात जेझुइटांनी बांधलेलं हे चर्च साथीच्या रोगानंतर ओस पडलं आणि धर्मग्राम मरोळला हललं. भिंतींपाशी जाऊन काही मिळत नाही, मंडळी जिथे गेली तिथे शोध घ्यायचा.

प्रॉटेस्टंटांत सीएनआयमध्ये या घटकाला 'पास्टोरेट' म्हणतात. एका पास्टोरेटखाली एकापेक्षा जास्त उपासनेच्या जागा असू शकतात, आणि रजिस्टर एकाच ठिकाणी. माझं नाव सापडलं ते अशाच रजिस्टरात. हॉल केव्हाच पाडला होता, वही शाबूत होती. मराठी अक्षरात, निळ्या शाईत, आई-वडिलांची नावं आणि पाळकसाहेबांची सही.

६. चॅपल आणि ऑरेटरी

कॅथलिक कायद्यात फरक स्पष्ट आहे. 'चर्च' म्हणजे जिथे उपासनेसाठी यायचा सगळ्या भाविकांना हक्क आहे. 'ऑरेटरी' म्हणजे एखाद्या समुदायासाठीची जागा, जसं कॉन्व्हेंट किंवा वसतिगृह. प्रमुखांच्या संमतीने इतरही येऊ शकतात. खासगी चॅपल एखाद्या कुटुंबापुरतं किंवा व्यक्तीपुरतं असू शकतं. बोलताना मात्र आपण या सगळ्यांनाच 'चॅपल' म्हणतो: शाळेचं चॅपल, हॉस्पिटलचं चॅपल, दफनभूमीतलं चॅपल.

ध्यानात ठेवायची गोष्ट एकच. चॅपलमध्ये मिस्सा होते, पण त्याची स्वतःची रजिस्टरं सहसा नसतात. हॉस्पिटलच्या चॅपलमध्ये तातडीने बाप्तिस्मा झाला असेल तर नोंद त्या हद्दीतल्या धर्मग्रामात शोधा.

आणि लग्नासाठी एखादं गोड छोटं चॅपल मनात भरलं असेल तर हॉलचं बुकिंग करण्याआधी फादरांना भेटा. कॅथलिक लग्नाची जागा म्हणजे धर्मग्रामाचं चर्च. इतर चर्च किंवा ऑरेटरीसाठी परवानगी घ्यावी लागते. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने पत्रिका छापून मग विचारलं. पत्रिका पुन्हा छापल्या.

वांद्र्याची जुनी गावठाणं, गिरगावची खोताची वाडी, माझगावचं म्हातारपाखाडी इथे चौकाचौकांत क्रूस दिसतील. त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगच्या काळातले. मे महिन्यात संध्याकाळी तिथे रोझरीच्या प्रार्थनेसाठी बायाबापड्या जमतात. हे चर्च नव्हे, पण भक्तीची जागा नक्की. क्रूसाच्या ओट्यावर बसून चहा पिऊ नका.

७. श्राइन

भाविक मोठ्या संख्येने यात्रेला येतात आणि बिशपांनी ज्याला मान्यता दिली ते श्राइन, आपल्या भाषेत तीर्थस्थान. माटुंग्याचं डॉन बॉस्कोज मडोना श्राइन १९५७ चं. नाशिकचं बाळ येशूचं श्राइन मराठी माणसाला चांगलं ठाऊक आहे. श्राइन हा भाविकांच्या वर्दळीशी जोडलेला शब्द. तेच ठिकाण बॅसिलिकाही असू शकतं. एका जागेला दोन नावं म्हणजे कोणीतरी चुकलंय असं नाही.

८. जिथे बिशपच नाहीत

ही पायरी वाचकांना सगळ्यात अनोळखी वाटते. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या, कित्येक स्वतंत्र फेलोशिप यांच्यात कॅथेड्रल हा प्रकारच नाही. त्यांची जागा चाळीच्या तळमजल्यावर, शाळेच्या वर्गात, भाड्याच्या हॉलमध्ये असते. नाव असतं 'प्रार्थना भवन', 'असेंब्ली', 'फेलोशिप'. "हे खरं चर्च नाही का?" असं मला विचारतात. त्यांच्या श्रद्धेत चर्च म्हणजे माणसं, भिंती नव्हेत. माझा बाप्तिस्मा झालेला हॉल आठवला की हे मला मनापासून पटतं.

बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत. माणूस समजता झाल्यावर पूर्ण पाण्यात बुडवून करतात. तेव्हा तिथे बालपणीचा बाप्तिस्मा शोधण्यात अर्थ नाही, फार तर बालकाच्या समर्पणाची नोंद मिळेल. मुक्तिफौजेत (सॅल्व्हेशन आर्मीत) पाण्याचा बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच करत नाहीत. १८८२ पासून मुंबईत काम करणारी ही मंडळी आपल्या स्थानिक शाखेला 'कोर' म्हणते आणि पाळकाला लष्करी हुद्दा असतो. आजोबा 'कॅप्टन' होते असं घरात कोणी सांगत असेल तर ते सैन्यातच होते असं समजू नका.

९. आता कामाला निघा

दाखला शोधायला जाताना माझ्या पिशवीत हे असायचं, तुम्हीही ठेवा:

आधार कार्ड आणि त्याची प्रत. जन्मदाखला, किंवा निदान जन्मतारीख आणि वर्षाचा अंदाज. आई-वडिलांची पूर्ण नावं, आईचं माहेरचं आडनाव धरून. कॅथलिक असाल तर धर्ममाता-धर्मपित्यांची नावं. नोंद पटवायला ती सगळ्यात उपयोगी. तेव्हाचा राहता पत्ता, चाळीच्या नावासकट. धर्मगुरूंचं नाव कोणाला आठवत असेल तर ते. दुसऱ्याचा दाखला आणायचा असेल तर त्यांचं सहीचं पत्र. आणि त्या दिवसाचा एखादा फोटो, पण फोटोतल्या इमारतीवर विसंबू नका.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना 'कोणतं चर्च' असं विचारू नका. त्याऐवजी विचारा: बाप्तिस्मा दिला तो फादर होता की पाळक? उपासना कोणत्या भाषेत होती? आपण रविवारी कुठे जायचो, चालत की बसने? बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं की पूर्ण बुडवलं? आईला मी आधी हे विचारलं असतं तर "पाळकसाहेब, मराठीत, चालत" एवढ्या तीन शब्दांत दोन खेपा वाचल्या असत्या.

ऑफिसात फोन करून जा. रविवारी मिस्सा किंवा उपासनेच्या गडबडीत रजिस्टर काढून बघायला कोणालाच उसंत नसते, आणि नाताळ, पवित्र आठवडा, जत्रेचे दिवस तर टाळाच. नेमकी तारीख माहीत नसेल तर क्लार्कला दोन-तीन वर्षांची पानं चाळावी लागतात. त्यांना वेळ द्या, लागेल ती फी किंवा देणगी द्या.

नोंद मिळाली नाही तर लगेच हार मानू नका. जुन्या कॅथलिक रजिस्टरांत नावं पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असू शकतात. तुमचे आजोबा जॉन तिथे जोआंव किंवा योहानेस म्हणून सापडतील. मराठी रजिस्टरांत आडनावाऐवजी नुसतं वडिलांचं नाव असू शकतं. घरातलं लाडाचं नाव आणि बाप्तिस्म्याचं नाव वेगळं असणं तर नेहमीचंच.

दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून प्रत्येक अक्षर ताडून बघा: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, चर्चचा शिक्का. माझ्या दाखल्यावर आईच्या नावात एक काना कमी पडला होता. क्लार्कनी रजिस्टर पुन्हा उघडलं, मूळ नोंद बरोबर होती, त्यांनी तो फाडून दुसरा लिहून दिला. पाच मिनिटांचं काम. वसईला पोचल्यावर लक्षात आलं असतं तर चौथी खेप झाली असती.